परातीतली वीज

खोली दाखवताना घरमालक काकांनी मला एकच अट घातली. "बाईनू, दिवो मंद झालो तर बोंब मारूची नाय. खाली धावन येवचा नाय. दोन मिनटा गप रवाचा. उजेड आपसूक परत येता."

मी साताऱ्याकडची. खाडीकाठच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायला माझी नेमणूक झाली होती. शाळेपासून चालत पाच मिनिटांवर माडीची खोली मिळतेय, एवढ्यावरच मी खूश होते. या भागात वीज अशीच येत-जात असेल असं समजून मी मान हलवली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वह्या तपासत बसले होते. डोक्यावरचा दिवा एकदम लालसर झाला, पंखा दमल्यासारखा थांबत आला, आणि खालून असा आवाज आला की माझ्या हातातलं पेन उडालं. कापड टराटरा फाडावं तसा आवाज, पण थांबतच नव्हता. मग अचानक शांतता. दिवा पुन्हा पांढरा झाला. जिन्याखालून काकींचा आवाज आला, "झाला? मगे मी भात उतरवतंय."

मी जिन्याच्या वरच्या पायरीवर, भिंतीला पाठ लावून उभी होते. अट मोडली नव्हती, एवढंच.

काका तेव्हा सदुसष्टचे होते. अंगानं उंच, पाठीत किंचित वाकलेले. तरुणपणी मालवाहू बोटीवर इलेक्ट्रिशियन होते, नंतर रेडीच्या बंदरात लोहखनिज चढवायच्या यंत्रांची देखभाल करत होते, आणि निवृत्त झाल्यावर कायमचे घरी आले. घरात, बाजारात, देवळात, कुठंही त्यांच्या अंगावर खाकी अर्धी चड्डी असे. कारण तिला खिसा असतो. आणि त्या खिशात त्यांचा डावा हात असे.

हा डावा हात मी पहिले दोन महिने पाहिलाच नाही. जेवायला बसले तरी तो खिशात. सायकल एका हातानं चालवायचे. देवासमोर उभे राहिले तर उजवा हात कपाळाला लावत आणि मोकळे होत. मला वाटलं हाताला काहीतरी दुखापत असेल, म्हणून मी कधी विचारलं नाही. एकदा अंगणात कोकमाची सोलं वाळत घालताना काकी स्वतःहूनच म्हणाल्या, "हात बरो आसा गो. खोड ती. लग्नात माझ्या गळ्यात मंगळसूत्र सुदिक एका हातान घालूक बघीत होते. भटजी वरडले तेव्हा दुसरो भायर काढल्यानी."

मी काकांना विचारलं तेव्हा ते फार गंभीरपणे म्हणाले, "दोन हात लावले काय वीज एका हातातसून दुसऱ्या हातात जाता. मदी काय आसा? काळीज. म्हणान एक हात आपलो, एक हात तिचो. बोटीर चाळीस माणसां होती. आमी तिघे इलेक्ट्रिशियन. तिघांतलो मी एकटो परत इलंय."

"पण काका, देवळात कुठली वीज?"

"सवय ही सवय," ते म्हणाले. "देवळात काढलंय, तर पडवीत इसारतलंय."

पडवी म्हणजे घराच्या मागची, माडाच्या झावळ्यांआड लपलेली लांबट जागा. तिथं त्यांचा कारभार चाले. समुद्राकडच्या पर्यटकांच्या हॉटेलांमध्ये मायक्रोवेव्ह ओव्हन दोन वर्षं टिकत नाहीत. खारा वारा त्यांना खाऊन टाकतो. हॉटेलवाले ते भंगारात काढतात. काका सायकलवरून जाऊन ते ओव्हन घेऊन यायचे, पत्रा उचकटायचे आणि आतला ट्रान्सफॉर्मर तेवढा काढून बाकीचं परत भंगारात द्यायचे. मी गेले तेव्हा असे अकरा ट्रान्सफॉर्मर फळीवर ओळीनं मांडलेले होते. प्रत्येकावर खडूनं खूण. हा देवबागचा, हा तारकर्लीचा, हा तापट, हा मुका. एक होता त्यावर नुसतं 'बरो' असं लिहिलेलं.

मी वर्गात नऊ वर्षं ट्रान्सफॉर्मर शिकवत होते. फळ्यावर दोन वेटोळी काढायची, मधे दोन उभ्या रेघा मारायच्या, डावीकडे कमी वेढे, उजवीकडे जास्त. मुलं लिहून घेत. काकांनी एकदा माझी टिपणवही चाळली आणि विचारलं, "बाईनू, तुमी कधी हात लावलास?"

"कशाला?"

"हेका." आणि त्यांनी 'बरो' उचलून माझ्या मांडीवर ठेवला. मी दचकलेच. तान्ह्या मुलाएवढा जड, गार, लोखंड आणि तांब्याचा गोळा. नऊ वर्षं ज्याची चित्रं काढली ती वस्तू मी पहिल्यांदा हातात धरत होते, आणि मला आतून कुठंतरी लाज वाटली.

"घरातली वीज हेच्यात घातली तर दुसऱ्या बाजून दोन हजार होल्ट भायर येता," ते म्हणाले. "माणूस मारूक तितकी पुरे. पण माका पुरे नाय."

त्यांना पुरत नव्हती, कारण ती उडी मारत नव्हती. हे त्यांचं म्हणणं मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेत म्हणू शकेन. आभाळातली वीज उडी मारते. तारेतली वीज सरपटते. मला उडी हवी. म्हणून ते एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा जोडत चालले होते. एकाच्या शेपटीला पुढच्याचं डोकं, असं ते सांगत. प्रत्येक जोडणीला ठिणगी थोडी लांब होई, आणि प्रत्येक जोडणीला एखादा ट्रान्सफॉर्मर जळे. मग सगळ्या घरात जळक्या वार्निशचा वास भरायचा आणि काकी पदर नाकाला लावून म्हणायच्या, "आज कोण गेलो?"

"तारकर्लीचो," काका सुतकी चेहऱ्यानं सांगत.

काकींचं या सगळ्यातलं काम एकच होतं. पडवीच्या दाराशी भिंतीवर लोखंडी दांड्याचा मोठा स्विच होता. काकांचं यंत्र चालू असेपर्यंत काकींनी त्या दांड्यावर हात ठेवून उभं राहायचं आणि काका 'बंद' म्हणाले की दांडा खाली ओढायचा. काका आत वाकलेले असत, काकी दाराशी एक हात दांड्यावर ठेवून दुसऱ्या हातानं सुपातले खडे निवडत असत. त्यांच्याशिवाय यंत्र सुरू करायचं नाही हा काकांचा नियम होता. काकी आजारी असल्या तर दिवसेंदिवस पडवी बंद.

"भीती नाही वाटत?" मी त्यांना विचारलं होतं.

"वाटता मगे. पण मी नाय उभी रवलंय तर हे माझ्याशिवाय चालू करतले. ती भीती मोठी."

यंत्र कशासाठी आहे हे मात्र त्यांनाही ठाऊक नव्हतं. "होटेलांक काय ती लायटिंग करूची आसा म्हणतत," एवढंच त्या सांगत.

एकदा वायरमन आला. तरुण, वाडीतलाच. रागावलेला होता.

"काकानू, आख्ख्या वाडीचो होल्टेज पडता. लोक माका फोन करतत. तुमी करतास तरी काय?"

"माझो मीटर फिरता मा?"

"फिरता."

"फिरता मगे तुझा काय जाता?"

"माझी नोकरी जाता!"

काका त्याला आत घेऊन गेले. काकी दांड्याशी उभ्या राहिल्या. मी माडीवरून पाहत होते. दिवा लाल झाला, तो फाडल्यासारखा आवाज आला, आणि वायरमन पडवीतून असा बाहेर पडला की चपला घालायचंही त्याला सुधरलं नाही. फाटकाशी थांबून, धापा टाकत म्हणाला, "खांबार चढूक माका भय नाय काकानू. पण तुमच्या पडवीत मी परत पाय ठेवचंय नाय." शेवटी तडजोड झाली. वाडीतल्या बायकांच्या मालिकांची वेळ सोडून काय ती वीज खेचायची. काकांनी ती तडजोड तंतोतंत पाळली. मालिकांच्या वेळा त्यांनी खडूनं पडवीच्या भिंतीवर लिहून ठेवल्या होत्या.

मी स्वतः ती ठिणगी पहिल्यांदा पाहायला बरेच दिवस लागले. धीरच होत नव्हता. एका दुपारी काकींनीच माझा दंड धरून दाराशी उभं केलं. खिडकीला गोणपाट लावून आत अंधार केलेला होता. काकांनी कोरड्या बांबूच्या टोकाला बांधलेली तार हळूहळू पुढं नेली, आणि हवेत एक जांभळा-पांढरा दोर ताणला गेला. हातभर लांब असेल. तो थरथरत होता, वर वाकत होता, तुटून पुन्हा जुळत होता. माझ्या दंडावरचे केस उभे राहिले, तापलेल्या जमिनीवर पाऊस पडून गेल्यावर येतो तसला पण कडवट वास घशात गेला. मला ओरडायचं होतं, पण ओरडता येईना. त्या दोराकडे पाहताना काकांच्या चेहऱ्यावर आनंद असेल असं मला वाटलं होतं. नव्हता. एखाद्या माणसाची ओळख पटवायला बोलावल्यासारखे ते त्याच्याकडे बघत होते.

"बंद," ते म्हणाले. काकींनी दांडा ओढला आणि सुपातला पुढचा खडा वेचला.

त्यानंतर परात आली. काकींची सोलं वाळवायची मोठी पत्र्याची परात काकांनी न विचारताच नेली. पिशवीतून लाल माती आणली. साधी अंगणातली माती चालेना. गावामागच्या सड्यावर, त्या उघड्या कातळाच्या पठारावर जाऊन ठरावीक जागेचीच उकरून आणली. ती परातीत घालून भिजवली. मग गणपतीच्या शाळेतून, म्हणजे मूर्ती करतात त्या कारखान्यातून, मूठभर शाडू आणला आणि वीतभर उंचीच्या दोन बाहुल्या केल्या. एक उभी, पाय फाकलेली, चालत असल्यासारखी. दुसरी उकिडवी बसलेली, पाय जुळवून, हनुवटी गुडघ्यावर टेकलेली. दोघींच्या पायांत लोखंडी खिळे घातले, आणि प्रत्येकीच्या दोन पायांमध्ये टेस्टरमध्ये असतो तो बारकासा दिवा जोडला.

अडुसष्टाव्या वर्षाला टेकलेला माणूस बाहुल्यांशी खेळतोय हे पाहून मला हसू आलं होतं, हे कबूल करते.

"शाळेसाठी करताय का काका?"

"शाळेसाठीच समजा."

ते दोन दिवस त्या बसलेल्या बाहुलीचं नाक-डोळे कोरत होते. उभीला चेहरा दिलाच नाही.

ज्या रविवारी ते घडलं त्या दिवशी काकी वालावलला भाचीच्या लग्नाला गेल्या होत्या. सकाळी दहाच्या सुमाराला काका जिन्याखाली येऊन उभे राहिले. ते कधीच माझ्याकडे काही मागत नसत.

"बाईनू, उपकार करा. दांड्यार हात ठेवन उभे रवा. एकदाच."

"काकी येऊ देत ना संध्याकाळी."

"माती आज बरोबर भिजली आसा. सांजेक सुकतली. तुमका कायएक करूचा नाय. मी 'बंद' म्हटलंय काय खाली ओढूचा. बस."

मी का हो म्हटलं? मला बघायचं होतं, हे खरं उत्तर आहे. विज्ञान शिकवते ना मी.

मी दाराशी उभी राहिले. काकांचा डावा हात खिशात, उजव्या हातात बांबू. दिवे मंदावले. तार परातीवर आली, आणि तो जांभळा दोर हवेतून खाली, लाल मातीत उतरला. माती उकळल्यासारखी चरचरली. आणि मी पाहिलं, उभ्या बाहुलीच्या पायांमधला दिवा पेटला. नारिंगी, स्पष्ट. बसलेल्या बाहुलीचा दिवा विझलेलाच होता. दोघी परातीत एकमेकींपासून वीतभर अंतरावर होत्या.

काका कुजबुजले, "बघितलास? बसलेल्याक काय नाय. बसलेल्याक कायच नाय."

मातीतून वाफ निघत होती. खिळ्यांभोवतीचा चिखल सैल झाला, उभी बाहुली डगमगली आणि हळूच पुढं कलली. आणि या माणसानं, ज्यानं चाळीस वर्षं विजेसमोर एक पाऊल चुकीचं टाकलं नव्हतं, त्यानं बांबू टाकून दिला आणि पडणाऱ्या पोराला सावरावं तसा उजवा हात पुढं केला. त्यांच्या तोंडून शब्द निघाला, "दादा!"

मी 'बंद' ऐकायची वाट पाहत होते. तसं ठरलं होतं. 'बंद' कोणी म्हणालंच नाही. माझा हात दांड्यावर होता, माझे डोळे सगळं पाहत होते, आणि मी वर्गातल्या आज्ञाधारक मुलीसारखी त्या एका शब्दासाठी थांबून राहिले. एक क्षण. कदाचित दोन. मग मी दांड्याला अक्षरशः लोंबकळले.

काका भिंतीशी पडले होते. डोळे उघडे. उजव्या हाताची बोटं काळी पडलेली आणि कोपराशी तसाच एक काळा डाग. मी त्यांच्या छातीवर कान ठेवला. ठोके होते, पण कसेतरी, अडखळत. माझ्या किंकाळीनं वायरमन धावत आला आणि पडवीत पाऊल न ठेवण्याची स्वतःची शपथ मोडून त्यानंच त्यांना उचलून रिक्षात घातलं.

जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावून सांगितलं, "बोटातून शिरली आणि त्याच हाताच्या कोपरातून परातीच्या काठाला उतरली. दुसरा हात कुठं टेकलेला असता तर तुम्ही त्यांना इथं आणलंच नसतं." दोन बोटं काढावी लागली. तर्जनी आणि मधलं.

तीन दिवसांनी ते नीट बोलू लागले. मी खाटेशेजारी बसून होते. तीन दिवस मी धड जेवलेही नव्हते. "माझ्यामुळं झालं काका," मी म्हटलं. "मी थांबले. दांडा हातात होता आणि मी थांबले."

त्यांनी मला 'बाईनू' म्हणायचं सोडलं ते त्या क्षणी.

"गो बाय," ते म्हणाले, "एक क्षणाचा ओझा किती वर्सां व्हावतंस बघ. माका इचार. माका साठ वर्सां झाली."

आणि मग त्यांनी सांगितलं. तीन भावंडं होती. थोरली आक्का तेरा वर्षांची, मधला दादा अकराचा, आणि हे सातचे. पावसाळा संपता संपता तिघं सड्यावर लाकडं गोळा करायला गेली होती. आभाळ गडगडायला लागलं म्हणून घाईनं निघाली. यांच्या डोक्यावर लहानशी मोळी, पाय दुखत होते, आणि दादानं चिडवलं म्हणून हे रुसून वाटेतच बसले. उकिडवे. पाय जुळवून, हनुवटी गुडघ्यावर ठेवून. दोघं पुढं निघून गेली. मग दादा परत आला. चार पावलांवर येऊन पोचला होता, हात पुढं केलेला होता, तेव्हा वीज पडली.

"मी उठलंय. तो उठलो नाय," काका म्हणाले. "आक्कान घरात आयेक सांगितल्यान, हो बसलो म्हणान दादा मागे गेलो. आवशीन माका मारल्यान नाय. मारला असता तर बरा झाला असता."

दाराशी काकी उभ्या होत्या. हातात जेवणाचा डबा. त्या कधी आल्या आम्हाला कळलं नव्हतं. डबा खाली ठेवायचंही त्यांना भान नव्हतं.

"दोन वर्सां," त्या म्हणाल्या, "दोन वर्सां मी त्या दांड्याक हात लावन उभी. चाळीस वर्सां तुमच्या घरात आसंय. आणि तुमका भाव होतो ह्या माका म्हायत नाय?"

काकी आल्या, त्यांच्या पायथ्याशी बसल्या आणि चादर नीट करत राहिल्या. नीट असलेलीच चादर.

थोड्या वेळानं काका मला म्हणाले, "आता कळला मा तुका? मी उठान चलत ऱ्हवलंय असतंय तर दोघेय गेलो असतो. बसलंय म्हणान ऱ्हवलंय. ह्या माका बघूचा होता. डोळ्यांनी."

मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "फार दुखलं का हो?"

तेव्हा त्यांनी मला जे सांगितलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. "हाडांच्या आतसून कोणीतरी तापलेली सळी ओढता तसा," ते म्हणाले. "वरडूचा म्हटला तर तोंड आपला नाय. आणि वेळ सरना नाय गो. तुझो एक क्षण, माका तो आख्खो पावसाळो वाटलो. सगळा कळत होता. सगळा."

घरी आल्यावर काकींनी वायरमनला बोलावून सगळे ट्रान्सफॉर्मर उचलायला लावले. 'बरो' तेवढा काकांनी आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेला दिला. तिथं तो कपाटात आहे. मी तो आता प्रत्येक मुलाच्या हातात देते आणि नंतर कपाटाला कुलूप लावते.

दोन महिन्यांनी काका म्हणाले, इन्सुलीला जायचंय. आक्का तिथं दिलेली होती. हमरस्त्यापासून आत, मुलगा-सुनेबरोबर राहत होती. लग्नकार्यात समोरासमोर आलेच तर मान हलवण्यापलीकडे साठ वर्षांत दोघांचं बोलणं नव्हतं.

"तू चल," ते मला म्हणाले. "तू शाळेची बाई आसस. तुका समजावन सांगता येता. माका सांगूक जमाचा नाय."

आम्ही गेलो. आक्का ओसरीवर बसल्या होत्या. बारीक, पांढरेशुभ्र केस, भावासारखंच लांब नाक. काकांची दोन बोटं नसलेली मूठ पाहून त्यांच्या हातातलं पान खाली पडलं. "काय केलंस रे ह्या?"

काका ओसरीच्या कडेला बसले आणि माझ्याकडे बघायला लागले. मग मी सांगितलं. अंगणातल्या मातीवर काडीनं वर्तुळं काढली. वीज जमिनीवर पडली की ती अशी लाटांसारखी पसरते. चालत्या माणसाचा एक पाय एका लाटेत, दुसरा दुसऱ्या लाटेत. मग ती एका पायातून वर चढते आणि दुसऱ्यातून उतरते. पाय जुळवून बसलेला माणूस एकाच लाटेत असतो, म्हणून तो वाचू शकतो. तुमचा भाऊ बसला म्हणून वाचला. तो चालत असता तर तोही गेला असता. त्याच्या बसण्यानं वीज आली नाही.

आक्का वर्तुळांकडे बघत होत्या. मला वाटलं त्यांना कळलं नसावं. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "तो आपणाहून मागे गेलो नाय."

काकांनी मान वर केली.

"दादा जाय नव्हतो. म्हणी होतो, बसांदे, येयत मागसून. मी तेका धाडलंय. म्हटलंय, जा, तेका उचलून घेवन ये, नायतर आवस माका मारतली." आक्कांचा आवाज अगदी सपाट होता. "घराक येवन तुझा नाव सांगितलंय. तू सात वर्सांचो. तुका कोण काय करतला असा वाटला माका. मगे सांगूची येळच गेली."

मी काकांकडे पाहायला घाबरत होते. साठ वर्षं. बोटी, बंदरं, अकरा ट्रान्सफॉर्मर, दोन बोटं. आता हा माणूस ओरडेल, किंवा उठून चालायला लागेल, असं मला वाटत होतं. आतून सून डोकावली आणि आमचे चेहरे पाहून तशीच मागे गेली.

काका ओरडले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "तू खंय होतंस तेव्हा?"

"दगडांच्या गडग्याकडे. मी बघितलंय." आक्का त्यांच्या उरलेल्या बोटांकडे बघत होत्या. "माका एकच सांग रे. तुका लागली ती वीज. तुका म्हायत. दादाक दुखला काय?"

काकांनी उत्तर द्यायला वेळ घेतला नाही.

"नाय गो आक्का. कायएक कळना नाय. दिवो इझता तसा. माझी ही बोटां गेली ती सुदिक दवाखान्यात उठान कळली."

आक्कांनी ते ऐकलं. मग त्या माझ्याकडे वळल्या. "बाई, तुमी शिकलेल्या. तुमी थयच होतास मा? हो खरा सांगता?"

मी हातातली काडी खाली ठेवली.

"खरं आहे आक्का," मी म्हटलं. "काहीच कळत नाही."

त्यांनी डोळे मिटले आणि कितीतरी वेळ उघडले नाहीत. काका अंगणाकडे तोंड करून, पाठ ताठ ठेवून बसले होते.